उलट्या पायांचा मामा

ग्रोनिंगन,
सोमवार, १४ नोव्हेंबर २००५

ती. सुचित्रामावशी,

गंधारचा गुडघा न वाकवता केलेला नमस्कार. (गुडघा का वाकत नाही ते पुढे येईलच. तू लगेच काकांना हाक मारू नकोस.) तुझी कंबर, काकांची शुगर आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी चाललेलं तुझं कुंड्यांच्या पाण्याचं भांडण, तिन्ही आटोक्यात असावीत. फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा भुगा झाला होता, तो मी चमच्याने खाल्ला. शंकरपाळ्या मात्र एकूण एक धड आल्या. डब्याबरोबरचं ते दुसरंही पोचलं. त्याबद्दल नंतर. हा फोन सोडून पत्र कसा काय लिहितोय असं तुला वाटेल. मावशी, फोनवर तू मधेच "म्हणजे?" असं विचारतेस आणि मग मला खरं सांगावं लागतं. पत्रात माणसाला जरा श्वास घ्यायला मिळतो.

तर सलोनी माझ्याशी बोलत नाहीये. तुझी नात तशी कोणाशीच फार बोलत नाही हे तुला माहीत आहे. घरी आपण मराठीत विचारायचं, तिने डचमध्ये उत्तर द्यायचं, आणि शाळेत गेल्यावर तेही बंद. शाळेतल्या बाईंनी (इथे बाईंना 'युफ' म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणाला तरी चटका बसला) शर्वरीताईला बोलावून सांगितलं होतं की पोरीने वर्गात अजून एकही शब्द उच्चारलेला नाही, असंच चाललं तर नाताळनंतर वेगळ्या वर्गाचा विचार करावा लागेल. ताई घरी येऊन माझ्यासमोर रडली. तू तिची आई, ती किती रडते हे तुला मी सांगायला नको. म्हणजेच ती अजिबात रडत नाही, आणि त्या दिवशी रडली.

अशात काय झालं, की इथे पोरं एका संध्याकाळी हातात कंदील घेऊन दारोदार गाणं म्हणत फिरतात, आणि गाण्याच्या बदल्यात गोळ्या-चॉकलेटं मिळतात. हा सण. सलोनीने ते गाणं पाठ केलं. बाथरूमची कडी लावून रोज म्हणायची म्हणे. भावोजींनी तिला साखर करतात त्या बीटाचा कंदील कोरून दिला, आपल्याकडच्या नारळाएवढा मोठा, आत मेणबत्ती. आणि ठरलं असं, की पहिलं दार गंधारमामाचं. तिथे तिला भीती वाटणार नाही, तिथे एकदा तोंड उघडलं की पुढच्या दारांवर आपोआप उघडेल. हे सगळं ताईने मला फोनवर नीट, सविस्तर सांगितलं होतं. मला त्यातलं ऐकू आलं ते एवढंच: शुक्रवारी संध्याकाळी, पोरं, कंदील, गोळ्या आणून ठेव. 'सिंट मार्टेन' असंही काहीतरी ती म्हणाली, ते या सणाचंच नाव, पण मला वाटलं मार्टेन हा सलोनीच्या वर्गातला मुलगा. (मी त्या वेळी एका कथेचा शेवट तिच्या सुरुवातीच्या आधी टाकून बघत होतो. ते जमलंही नाही.)

मी टिलबर्गला कुशलला फोन केला. कुशल म्हणजे माझा कॉलेजचा मित्र, तुझ्याकडे एकदा जेवायला आला होता आणि सात पुरणपोळ्या खाऊन गेला तो. त्याला इथली सगळी माहिती असते, म्हणजे तो सगळी माहिती देतो. तो म्हणाला, "अरे गाढवा, हॅलोवीन आहे ते! पोरं दारात आली की त्यांना घाबरवायचं असतं, नाहीतर त्यांचा अपमान होतो." मी म्हटलं, पण हॅलोवीन ऑक्टोबरात होऊन गेलं ना? तू ऑफिसच्या पार्टीला ममी होऊन गेलास की. (टॉयलेट पेपर गुंडाळून सायकलवरून निघाला होता. वाटेत पाऊस आला. पार्टीला पोचला तो लापशीचं भूत होऊन.) त्यावर तो अत्यंत अधिकाराने म्हणाला, "ते ऑफिसचं. ऑफिसवाले शुक्रवार बघून आधीच उरकून घेतात. घरचं तिथीवर असतं. यंदा अधिक महिना आला असेल त्यांचा." आणि मावशी, मला हे पटलं! पंचांगाच्या घरात वाढलेल्या दोन इंजिनियरांना ते इतकं सरळ वाटलं, की कॅलेंडर बघावं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आता घाबरवायचंच तर भोपळा आणि प्लॅस्टिकचे दात लावून कोण घाबरवणार? इथल्या दुकानांत काळे झगे, रबरी कवट्या, खोटी बोटं यांचे ढीग लागले होते, सगळीकडे तेच ते. मला काहीतरी आपलं, अस्सल आणि जरा नवं करून बघायचं होतं. (माझ्या कथा परत आल्या की मी त्यांनाही 'प्रयोग' म्हणतो, तसंच.) मी हडळ व्हायचं ठरवलं. लहानपणी तूच आम्हा भावंडांना गच्चीवर सांगायचीस ना, की बाई कितीही देखणी असू दे, आधी तिचे पाय बघा, हडळीचे पाय उलटे असतात. म्हणजे थोडा दोष तुझ्याकडेही जातो, पण तो विषय मी वाढवत नाही. फरशी पुसायचा मॉप शाईत बुडवून केस केले, तोंडाला मैदा फासला, अंगाला एक पांढरं कापड गुंडाळलं. (कापड म्हणजे साधंच. अगदी बारीक हिरवा काठ होता.) पायांसाठी जुन्या बुटांच्या टाचांमागचं चामडं कापून ते मागचे पुढे घातले. टाचा पुढे, चवडे मागे, माझी खरी बोटं कापडाखाली झाकलेली. आरशात बघून मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की असा अभिमान वाटल्यावर माणसाने सरळ झोपून जावं हे आता कळतंय.

माझ्या खोलीचा जिना तू पाहिलेला नाहीस. त्याला जिना म्हणणं हा इथल्या लोकांचा चांगुलपणा, ती भिंतीला टेकवलेली शिडी आहे. खालचं दार उघडायला खाली जावं लागू नये म्हणून वरपर्यंत एक दोरी आणलेली असते. ओढली की दार आपोआप उघडतं. घंटी वाजली. मी दिवे मालवले, हनुवटीखाली टॉर्च धरला आणि दोरी ओढली. खाली दारात अंधारात पाच-सहा पिवळे कंदील, मागे कुणाची तरी आई छत्री घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढे सलोनी. लाल टोपी. कंदील छातीशी धरलेला. तोंड उघडलेलं, गाण्याचा पहिला शब्द त्यात तयार.

तेवढ्यात मी नाकातून "येंऊं कां गंऽऽ" असं म्हणत एक पाऊल टाकलं. पाऊल माझ्या मते पुढे पडलं, बुटाच्या मते मागे. मग जिना मी पायांनी उतरलो नाही. मैदा, मॉप आणि कापड यांच्यासकट थेट उंबऱ्यावर आलो आणि येताना जिवाच्या आकांताने ओरडलो, "आई गंऽऽ!"

तिथेच सगळं बिघडलं, मावशी. मी मुकाट पडलो असतो तर ते एक परकं भूत झालं असतं. पण आवाज तिने ओळखला. तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं: मामाकडे भूत आलंय असं नाही, मामाच भूत आहे, नेहमीच होता, आपल्याला इतके दिवस पिशवीतून केळी आणून देत होता तो हाच. तिच्या हातून कंदील सुटला, बीट फुटलं, मेणबत्ती कापडाच्या काठावर पडली. मी उलट्या बुटांनी ती विझवली. सलोनी पळाली, मागे रस्त्यावर उभ्या असलेल्या ताईकडे. बाकीची पोरं डच असल्यामुळे ठरलेलं काम सोडून हलली नाहीत. माझ्याकडे बघत त्यांनी पूर्ण गाणं म्हटलं आणि पिशव्या पुढे केल्या. छत्रीवाल्या बाईंनी मला अगदी शांतपणे विचारलं, की तुम्हाला मदत हवी आहे का, आणि गुडघ्याची हवी आहे की दुसरी कुठली. (गुडघ्याची घेतली. इथले डॉक्टर कशालाही पॅरासिटामॉलच देतात, दुसरीलाही बहुधा तेच मिळालं असतं.)

ताई मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "गंध्या, एक दार होतं रे तिचं." त्यानंतर तिने बाकीच्या दारांवर नेऊन पाहिलं, पण सलोनीने तोंड उघडलं नाही. त्या रात्री बाथरूममध्येही गाणं नाही. ते फुटलेलं बीट मी वर खोलीत आणून ठेवलंय. का ते माहीत नाही. सुकत चाललंय. मी त्याच्याकडे बघत बसतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एखाद्या प्रयोगाचा कोणावर तरी इतका परिणाम झाला आणि तो मला परत घेता येत नाही.

काकांना नमस्कार. वरच्या बाईंना माझ्यातर्फे काहीच सांगू नकोस.

तुझा, दोन्ही पाय सध्या सरळ असलेला,
गंधार

ता. क. ते कापड. तू ओळखलंच असशील. फराळाबरोबरची मोतिया साडी, जी 'गुपचूप शर्वरीच्या हातात ठेव, तिला चकित होऊ दे' म्हणून पाठवली होतीस. तेव्हा ती माझ्या कपाटात होती. ती मोतिया आहे, पांढरी नाही, हे मला टॉर्चच्या उजेडात कळलं नाही. काठ वीतभर जळलाय. ताईला मी सांगितलंय की कापड इथल्या जुन्या बाजारातलं आहे. तर तिच्याशी बोलताना साडीचा विषय तेवढा काढू नकोस. हे सांगायलाच खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. २. तिकीट नव्हतं म्हणून पत्र पडून राहिलं. आज रविवार. दुपारी घंटी वाजली. दोरी ओढणार तेवढ्यात खालून ताईचा आवाज आला, "उघडू नकोस! ती म्हणतेय दार उघडायचं नाही!" मी बसत-बसत खाली उतरलो. इथल्या दारांना पत्रं टाकायची फट असते, गुडघ्याच्या उंचीवर. ती उघडली आणि तिच्यात दोन डोळे आले. बराच वेळ नुसते डोळे. मग सलोनी म्हणाली, "मामा, पाय दाखव." मराठीत, मावशी! मी मोजे काढून दोन्ही पाय फटीसमोर धरले, दुखऱ्या गुडघ्यासकट. तिने डावा बघितला, उजवा बघितला, बोटं हलवायला लावली. मग डोळे गेले आणि फटीत तोंड आलं, आणि तिने ते गाणं म्हटलं. सगळी कडवी. माझ्याकडे गोळ्या संपल्या होत्या, म्हणून तुझ्या शंकरपाळ्या एकेक करून फटीतून बाहेर सरकवल्या. पलीकडून एक छोटा हात त्या घेत होता.

ता. क. ३. वरच्या ता. क. मधली विनंती रद्द. डोळे फटीत होते तेव्हा माझ्यामागे जिन्याच्या कठड्यावर ती साडी वाळत होती. पोरगी आता बोलायला लागली आहे, आणि आईला तिने पहिली बातमी तीच दिली. ताईने दार उघडायला लावून साडी हातात घेतली, खालचा काठ उलटला आणि फॉलची टीप बघितली. तू नेहमी दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने फॉल लावतेस ना, तशी गुलाबी टीप. "ही आईची आहे," म्हणाली आणि जिन्यावरच बसली. मी पुन्हा माफी मागायला लागलो तर म्हणाली, "गप्प बस, जळलेला भाग निऱ्यांत जातो." मावशी, तू ताईला फोन कर. ती वाट बघतेय, पण स्वतःहून करणार नाही, तुझीच मुलगी आहे.

आणि सलोनी उद्या शाळेतून येताना पुन्हा येणार आहे. दार अजूनही उघडायचं नाही असं तिने बजावलंय. तेव्हा पुढच्या डब्यात लाडू नकोत, मावशी. फटीतून जात नाहीत.