बोट घसरतं ती जागा

हॅलॉक, मिनेसोटा
११ जानेवारी १९९३

प्रिय रोल्फदादास,
मारिटचा स. न. वि. वि.

इकडे ठीक म्हणायचं. उणे तीस, गाडी रोज रुसते. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन वर्ष झालं, पण उजवा हात काही हलत नाही. डॉक्टर म्हणतात, आता आलं तेवढंच. अकॉर्डियन पलंगाखाली ढकलून ठेवलाय. तुमच्या लॉस एंजेलिसात म्हणे जानेवारीत संत्री तोडतात. तोडा, आमचं काय जातंय!

आता मुद्द्याचं. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला बसलो होतो. बेव्हर्ली स्टेनने सगळ्यांदेखत विचारलं, की तू संगीत देतोस त्या टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत तो गॉर्डी शिडीवरून पडतो तेव्हा वाजते ती नाचाची धून म्हणजे आपल्या अर्विडचाच वॉल्ट्झ ना, त्याचं बोट घसरायचं तोच? सगळे हसले. बाबा कपात बघत राहिले.

मला माहीत आहे, तो तुकडा तात्पुरता होता. खरं संगीत तयार होईपर्यंत चित्राखाली काहीतरी हवं म्हणून तू घरची जुनी टेप लावलीस आणि दिग्दर्शक हसून हसून लोळला, मग त्याने ती काढूच दिली नाही. पण हे बाबांना कुणी सांगितलंय? बुधवारी मालिका लागली की ते खुर्ची भिंतीकडे वळवतात, दादा. पाठ करून बसतात. आणि आता वर मालिकेच्या संगीताचा अल्बम! गावातल्या दुकानाने वीस कॅसेटी मागवल्यात. ज्या माणसाने चाळीस वर्षं आसपासच्या गावांची लग्नं वाजवली, त्याची चूक त्याचाच मुलगा विकायला काढतोय, असं त्यांना वाटत असेल तर?

तू म्हणशील, विचार त्यांना. आपल्या घरात असं कधी कुणी विचारलंय? कुणाला लागलं-दुखलं की आपण कॉफी ओततो आणि बर्फाबद्दल बोलतो. मी तीनदा विचारायला गेले आणि तीनदा बर्फाबद्दल बोलून आले. तूच काहीतरी कर, आणि लवकर कर. माझा जीव थाऱ्यावर नाही.

माया आहे ती राहू दे.
तुझी,
मारिट


बरबँक, कॅलिफोर्निया
१७ जानेवारी

प्रिय मारिट,
अनेक आशीर्वाद. (चार वर्षांनी मोठा आहे, घे मुकाट्याने.)

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं सँडविच तसंच राहिलं. खुर्चीचं तू आधी का नाही कळवलंस? पण तू लिहायच्या आधीच माझ्याही डोक्यात हेच होतं, म्हणून मी बंदोबस्त करून ठेवलाय. अल्बमसाठी तो वॉल्ट्झ नव्याने वाजवून घेतला. अकरा वादक, इथला पट्टीचा अकॉर्डियनवाला. बाबांचं बोट घसरायचं ती जागा मी दुरुस्त केली. आता तिथे लोण्यासारखं वाजतं, कुणाची हसायची टाप नाही. आणि नाव माझं नाही, बाबांचं घातलंय: संगीतकार अर्विड टोलेफ्सरुड.

कॅसेट सोबत आहे. बाबांना ऐकव आणि त्यांचा चेहरा कसा झाला ते जसंच्या तसं कळव. चार फेब्रुवारीला अल्बमची टेप कॅसेटी काढायला कारखान्यात जाते, त्यानंतर माझ्या हातात काही नाही. ते बरं म्हणाले तर मला दोन घास नीट जातील.

तुझा, धसका घेतलेला,
रोल्फ


हॅलॉक
२४ जानेवारी

चि. रोल्फ यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस. मारिट कालपासून माझ्या तोंडाकडे बघत फिरते आहे, म्हणून लिहितो.

कॅसेट ऐकली. वाजवलंय छान. तो माणूस माझ्यापेक्षा चांगला आहे.

सेहेचाळीस साली लुंड शेतकऱ्याच्या खळ्यात नाच होता. मी तो वॉल्ट्झ पहिल्यांदा वाजवला आणि घाबरून बोट घसरलं. शंभर माणसांनी शहाण्यासारखं न ऐकल्यासारखं केलं. एक मुलगी मोठ्याने हसली. ती तुझी आई, सोल्वेग. पुढे चाळीस वर्षं मी त्याच जागी बोट घसरवत आलो. मुद्दाम. ती स्वयंपाकघरात असली तरी तिथून हसायची. ही गोष्ट आम्हा दोघांतच होती, सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सोल्वेग गेल्याला सहा वर्षं झाली. तुझ्या मालिकेत त्या जागेला लोक हसतात. पडणारा गॉर्डी मला बघायचा नसतो, म्हणून मी खुर्ची वळवतो. नुसतं ऐकतो.

नव्या वाजवण्यात तिथे कुणी हसणार नाही. तू माझी लाज राखायला केलंस, हे कळतं. तुझं काम तुला ठाऊक. इकडे बर्फ फूटभर आहे.

तुझा,
बाबा


बरबँक
३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी मी त्या अकॉर्डियनवाल्याला परत बोलावलं आणि त्या जागी चुकायला सांगितलं. सव्वीस वेळा चुकला बिचारा. सव्वीसही वेळा ठरवून चुकल्यासारखा. शेवटी वैतागून म्हणाला, की एवढी वर्षं बरोबर वाजवायचे पैसे घेतले, हे मला जमायचं नाही.

मग मी घरची मूळ टेप काढली. बाबा, मला एक कबूल करायचंय. मालिकेसाठी मी तिच्यातले फक्त नऊ सेकंद घेतले होते, तुमचं बोट घसरतं तिथपर्यंत. बरोबर तिथे कापलं आणि पुढे स्टुडिओतल्या प्रेक्षकांचं हसणं जोडलं. वॉल्ट्झ मला तोंडपाठ, म्हणून कापलेल्या जागेपुढची टेप मी कधी ऐकलीच नव्हती. काल ऐकली.

बोट घसरतं. तुम्ही क्षणभर थांबता, आणि लांबून, भांड्यांच्या आवाजातून, आई हसते. खळखळून हसते. आणि तुम्हाला म्हणते की अर्विड, झालं का परत, अजून शिकला नाहीस का!

ध्वनिमुद्रकाने मला विचारलं, मागे कुणी बाई हसतेय, ती साफ करू का? मी नको म्हणालो आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

अकरा वादकांचं काढून टाकलं आहे. तुमची टेप आहे तशी, भांड्यांसकट, उद्या सकाळी कारखान्यात जाते. तिचं हसणं कापून मी तिथे दोनशे अनोळखी माणसांचं हसणं चिकटवलं होतं. अल्बमवर त्या जागी आता एकटी तीच हसते.

राग धरू नये. धरलाच, तर या वेळी बर्फाबद्दल न लिहिता तसं लिहावं.

तुमचा,
रोल्फ