आप्पाजींच्या आवाजासाठी कार्ड

३ फेब्रुवारी, सोमवार

एसडी की सीएफएक्स्प्रेस? ऑफिसचा अख्खा दिवस यात गेला. टीमला वाटलं, मी रिलीजच्या काळजीत आहे.

कॅमेऱ्याला दोन स्लॉट आहेत, दोन वेगळ्या जातींच्या कार्डांचे. एकात एसडी — टपालाच्या तिकिटाएवढं, कुठेही मिळणारं. दुसऱ्यात सीएफएक्स्प्रेस — जाड, महाग, प्रचंड वेगवान. विकत घेताना हे मोठं वैभव वाटलं होतं. आता दोन सासुरवाड्या असल्यासारखं वाटतंय, कुठेही गेलं तरी दुसरी नाराज.

कारण लिहून ठेवतो. पवित्राचे वडील, आप्पाजी — चोवीस तारखेला त्यांचं स्वरयंत्र काढणार आहेत. गाठ वाईट निघाली. जीव वाचेल, आवाज जाईल. आप्पाजी अथणी डेपोला एकतीस वर्षं कंडक्टर होते. त्यांच्या हाकेने म्हणे झोपलेलं पॅसेंजरसुद्धा उठून बरोबर आपल्या गावी उतरायचं.

काल पवित्रा म्हणाली, "आप्पांचा आवाज ठेवायचाय रे. काहीही बोलू देत. मी फोनवर घेते." मी म्हणालो, फोनवर? आयुष्यभर ऐकायचा आवाज फोनवर घेतात का! ते काम माझं. नऊ वर्षांच्या संसारात तिने मागितलेली ही बहुतेक तिसरी गोष्ट. शब्द दिला.

५ फेब्रुवारी

एक्सेल शीट केली. अकरा रकाने. शेजारच्या टेबलावरचा क्षितिज, नागपूरचा, म्हणाला, "फोर-के करणार असशील तर एसडी विसर ना भाऊ." संध्याकाळी त्यानेच पाठवलेल्या व्हिडिओत एक गोरा माणूस सांगत होता की एसडी पुरतं. क्षितिजने तो पाहिला नव्हता, नुसताच पाठवला होता.

एसडीवर छापलेला वेग आणि खरा वेग यांचं नातं म्हणजे लग्नाच्या बायोडेटातली उंची!

६ फेब्रुवारी

सीएफएक्स्प्रेसमध्येही ए आणि बी! एकाचं कार्ड दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये जात नाही. हे कोणी आधी सांगत का नाही? रकाने चौदा.

९ फेब्रुवारी, रविवार

देवनहळ्ळीला गेलो, पवित्राच्या भावाकडे. आप्पाजी तिथे राहतात. पवित्रा आली नाही, तिला सर्दी होती आणि डॉक्टरांनी त्यांना सर्दीवाल्यांपासून लांब ठेवायला सांगितलंय. फक्त ट्रायल घ्यायची होती. ड्रॉवरमधलं जुनं एसडी घातलं.

आप्पाजींना खिडकीपाशी बसवलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला पेन. आवाज घोगरा झालाय, पण आहे. दोनदा कार्ड दमलं आणि रेकॉर्डिंग आपोआप बंद पडलं. मग सेटिंग बदल, परत सुरू. तेवढ्यात समोरच्या प्लॉटवर जेसीबी. परत थांब. आप्पाजी मधूनमधून काहीबाही बोलत होते, माझं लक्ष आवाजाच्या मीटरवर. एकूण त्रेचाळीस मिनिटं रेकॉर्डिंग झालं.

निष्कर्ष — एसडी बाद. आजचा दिवस सार्थकी लागला.

११ फेब्रुवारी

शिवाजीनगर, इथलं, कन्नड मुलखातलं. मंजुनाथ यांचं दुकान, जिन्याखाली. साठीचे आहेत, कॅमेरे दुरुस्त करतात. मूळ हुबळीकडचे, मराठी त्यांना छान समजतं. पण मी हट्टाने कन्नडच बोलतो. सहा महिने ऑनलाइन क्लास केलाय, तो काय ऑटोवाल्यांशी भांडण्यापुरता?

काय रेकॉर्ड करायचंय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सासऱ्यांचा आवाज. त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मग चक्क मराठीत म्हणाले, "आवाजाला स्वल्प जागा लागते, सार. कंचं बी कार्ड चालतंय. लवकर जाऊन घ्या की."

भला माणूस, पण जुन्या काळातला. डायनॅमिक रेंज वगैरे त्यांना कुठून कळणार!

१५ फेब्रुवारी, शनिवार

घेतलं, मंजुनाथ यांच्याकडूनच! सीएफएक्स्प्रेस, बी. हातात घेतलं तरी वेग जाणवतो.

मंजुनाथ यांनी तपासण्यासाठी जुनं एसडीही मागून घेतलं आणि सवयीने कन्नडमध्ये विचारलं, "हळे कार्डनल्लिरोदु उळिस्ला, अळिस्ला?" जुन्या कार्डावरचं ठेवू का... पुढचं घाईत नीट ऐकू आलं नाही, पण उत्तर मला येत होतं. मी ठणकावून सांगितलं, "अळिसी, अळिसी!" त्यांनी कार्ड हातात फिरवून पाहिलं. मग "सरी, सार."

घरी येऊन पवित्राला हा संवाद साभिनय ऐकवला. तिचं चौथीपर्यंतचं शिक्षण कन्नडमध्ये. पोळी लाटता लाटता ती थांबली. "काय म्हणालास? अळिसी? अरे, अळिसी म्हणजे पुसून टाका. ठेवा म्हणजे उळिसी!"

कार्ड लावून पाहिलं. कोरं.

एका अक्षराचा फरक! ही काय भाषा आहे? असो. ट्रायलच होती ती. पवित्रा म्हणाली, "उद्या जाऊया. आता मी पण बरी आहे." पण नव्या कार्डासाठी कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अपडेट करावं लागणार, आणि ते घाईत करण्यासारखं नाही. बावीसला जाऊ, शनिवार आहे, निवांत. ऑपरेशनला दोन दिवस राखून. ती म्हणाली, "तू म्हणशील तसं." शीटमध्ये बावीस तारीख हिरवी केली.

१८ फेब्रुवारी

अपडेट झालं. पहिल्या झटक्यात! उगाच घाबरत होतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी आप्पाजींना श्वास लागला. गाठीला सूज आली होती. हॉस्पिटलमध्ये नेल्यानेल्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली. जीव वाचला. आम्ही मारतहळ्ळीहून पोचेपर्यंत झालं होतं. आवाज चोवीसला जायचा होता, तो आज गेला.

आत गेलो तेव्हा त्यांनी पवित्राचा हात धरला. ओठ हलले, काही ऐकू आलं नाही. तिने "हो आप्पा" म्हटलं.

पवित्रा मला रागावली असती तर बरं झालं असतं. एकोणीस रकाने आहेत माझ्याकडे. लाज वाटते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसला दांडी. सकाळी मंजुनाथ दुकान उघडायच्या आधी जिन्यापाशी उभा. सगळं सांगितलं — मराठीत, गुमान.

ते रागावले नाहीत. "पुसलंय म्हंजे नुसती यादी पुसलीय, सार. वर काय नवं लिवलं नसंल तर मिळतंय. हे साधं कार्ड हाय म्हणून. तुमचं भारीतलं असतं तर ते मागचं पार धुऊन टाकतं." म्हणजे ज्याला मी बाद केलं त्यानेच राखून ठेवलं! दोन तास त्यांच्या स्टुलावर बसलो. मग पडद्यावर खिडकी, इस्त्रीचा शर्ट, आप्पाजी.

सगळी त्रेचाळीस मिनिटं! मी त्यांच्या पाया पडलो. ते दचकून नको नको करत मागे सरकले, "अय्यो, बेडा सार!" परत येताना ऑटोत रडलो. ऑटोवाल्याने विचारलं, एनायतु, काय झालं? कन्नडमध्ये सांगायचं धाडस झालं नाही.

पवित्राच्या लॅपटॉपवर, माझ्या लॅपटॉपवर, ड्राइव्हवर — तीन प्रती केल्या. तिने माझा हात घट्ट धरला. मी ऐकलं नाही, आधी तिने ऐकावं. दिलेला शब्द पाळला गेला, कसाबसा का होईना.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पवित्राने शेवटपर्यंत ऐकलं. मग एक इयरफोन माझ्या कानात घातला आणि परत पहिल्यापासून लावलं.

सगळा मीच आहे. "हलू नका आप्पाजी." "कार्ड स्लो आहे." "थांबा, जेसीबी जाऊ दे." "एक-दोन-तीन म्हणा."

आप्पाजींचा आवाज एवढाच — एक, दोन, तीन. आणि चार वेळा, दर वेळी जरा हळू, "जावईबापू, जेवलासा काय?"

एकदाही मी उत्तर दिलेलं नाही.