नऊ इंच आणि दहा फूट

मी, चंद्रप्पा मल्लिनाथ पटणे, वय सत्त्याहत्तर, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त भूकरमापक, राहणार लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दाब नाही. दाब टाकायला बरेच जण येऊन गेले, चहा पिऊन परत गेले.

१. माझा प्लॉट चार गुंठ्यांचा, मोजणीच्या दोन साखळ्या लांब आणि दोन साखळ्या रुंद, म्हणजे सहासष्ट बाय सहासष्ट फूट. तो आणि त्यावरील घर माझ्या पगारातून झालेले आहे, वडिलोपार्जित नाही. म्हणून त्याची वाटणी कशी करायची हे ठरवण्याचा हक्क माझा एकट्याचा.

२. घर व प्लॉटची जागा, खालील कलम ५ मधली पट्टी सोडून, माझा मुलगा संगमेश याला द्यावी. घराचे फाटक दक्षिणेच्या गल्लीत उघडते, त्यामुळे पट्टी गेल्याने येण्याजाण्याला अडचण नाही. देवघरातील माझी दिवंगत पत्नी गुरम्मा हिची समई मात्र घराबरोबर जात नाही. ती आणि बँकेतील ठेव मुलगी मंजुषाला. आईच्या आजारपणात निलंग्याहून दर आठवड्याला एसटीने येणारी तीच होती.

३. स्टीलचा फीता, होकायंत्र आणि माझ्या नकाशांची पेटी नात सृष्टीला. ती सिव्हिल शिकते आहे. बाळ, फीता दरवर्षी तपासून घे. असे का सांगतो ते कलम ६ मध्ये वाच.

४. आता मूळ विषय. आमच्या कॉलनीत बावीस घरे आहेत. मागच्या मोकळ्या जागेत अकरा मजली इमारत होणार आहे, खाली क्लासेस आणि वर आठशे मुलांचे वसतिगृह. मुलांनी शिकू नये असे माझे म्हणणे नाही, सृष्टी याच गावच्या क्लासमध्ये शिकून पुढे गेली. पण बावीस घरांत मिळून एक बोअर आहे आणि उन्हाळ्यात तो दिवसाआड पाणी देतो. त्याच्या शेजारी हे इमारतवाले चार बोअर घेणार आहेत. गावाला रेल्वेने पाणी आणावे लागले ते साल आम्ही काढलेले आहे, त्यामुळे आम्हाला पाण्याचे कोणी शिकवू नये.

आम्ही महापालिकेत हरकत घेतली. त्रेचाळीस सह्या झाल्या, सुनावणीपर्यंत एकतीस उरल्या. बारा जणांची नावे इथे लिहीत नाही, त्यांची त्यांना माहीत आहेत. मिठाईचा एक डबा माझ्याकडेही आला होता. मी उघडला नाही, मुंग्यांनी उघडला. हरकतीची फाईल मेडिकलवाले सिद्धेश्वर यांच्याकडे द्यावी, ते टिकून राहिले आहेत.

सुनावणीत आमचे पाण्याचे म्हणणे लिहून घेतले, पण परवानगी अडली ती रस्त्यावर. एवढ्या उंच इमारतीला बारा मीटरचा रस्ता लागतो. आहे तो नऊ मीटरचा. त्याच्या एका बाजूला नाला आणि दुसऱ्या बाजूला, मेन रोडपासून त्या जागेपर्यंत, माझा एकट्याचा प्लॉट. थोडक्यात, माझ्या पूर्वेची तीन मीटर, म्हणजे दहा फूट पट्टी मिळाली की इमारत उभी, नाही तर नाही. गुरम्माने लावलेली कडुनिंबाची दोन झाडे त्याच पट्टीत आहेत.

मी जिवंत असेपर्यंत ती मिळणार नाही हे त्यांना कळले आहे. म्हणून आता ते संगमेशला पुण्यात जाऊन भेटतात. तो मला फोनवर म्हणाला, "अप्पा, तुमच्यामागं मलाच बघायचंय ना? मी कुठवर लढू?" तो खरे बोलला, त्याचा मला राग नाही. वकील व्यंकटराव यांना मी विचारले की पट्टी विकू नये अशी अट घालून ती मुलाला देता येईल का. ते म्हणाले, अशी अट कोर्टात टिकत नाही. म्हणून अटीऐवजी माणूस शोधावा लागला.

५. पूर्वेकडील दहा फूट रुंद व सहासष्ट फूट लांब पट्टी, झाडांसह, माझे पश्चिमेचे शेजारी श्री. दत्तोपंत देशमुख, निवृत्त गणित शिक्षक, यांना द्यावी. आम्ही एकोणीस वर्षे एकमेकांशी बोललेलो नाही. गुरम्मा गेली तेव्हा ते आले, उभे राहिले, न बोलता गेले. लोक म्हणतील म्हाताऱ्याला भ्रम झाला. तसे नाही. नऊ इंच जागेसाठी जो माणूस एकोणीस वर्षे तोंड फिरवून राहतो तो दहा फूट कोणाच्या बापाला देणार नाही. कॉलनीत असा दुसरा माणूस नाही. होता तो मीच.

संगमेश, तुला वाईट वाटेल. ही पट्टी तुझ्याकडून काढून घेतली असे समजू नकोस, तुझ्या डोक्यावरचे ओझे काढले असे समज.

६. नऊ इंचांचा खुलासा. २००६ साली मी निवृत्त झालो आणि त्याच महिन्यात आमच्या दोघांमध्ये भिंत बांधली. मोजणी मीच केली, ऑफिसने निकालात काढलेली जी साखळी आठवण म्हणून घरी आणली होती, त्याच साखळीने. दत्तोपंत म्हणाले, भिंत आमच्याकडे सरकली आहे. मी मिस्त्री-मजुरांसमोर म्हणालो, "तीस वर्षं जिल्हा मोजलाय मी. फळ्यावरचं गणित जमिनीवर चालत न्हाई, गुरुजी." त्यानंतर बोलणे संपले.

गेल्या वर्षी हरकतीसाठी रस्ता मोजताना मी फीता लावला आणि सहज घराकडेही ओढला. आकडा जुळेना. तीनदा मोजले. मग साखळी अंगणात पसरून फीत्याशी लावली. जुनी साखळी वापरून वापरून कड्यांत झिजते आणि लांबते, हे नवीन पोरांना मी स्वतः शिकवत असे. तेहतीस फुटांची साखळी साडेचार इंच वाढली होती. दोन साखळ्यांना नऊ इंच. दत्तोपंतांचे बरोबर होते.

हे मी वर्षभर कोणाला सांगितले नाही. लाज वाटली. लोकांच्या बांधाचे निवाडे करणारा माणूस स्वतःच्या भिंतीला चुकला, हे तोंडाने म्हणवले नाही, म्हणून कागदावर मागे ठेवतो. संगमेशने भिंत पाडून खऱ्या हद्दीवर बांधावी. साखळी कोणालाही देऊ नये, भंगारात घालावी.

७. मला माती द्यावी, आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून, हातात इष्टलिंग ठेवून, रुद्रभूमीत गुरम्माच्या शेजारी. तिथे भिंत बांधू नये.

८. हे कलम सहीच्या वेळी जोडले आहे. दुसरे साक्षीदार म्हणून ठरलेले शेषेराव यांना सकाळीच उदगीरला जावे लागले. सिद्धेश्वर धावत गेले आणि कलम ५ ठाऊक नसल्यामुळे दत्तोपंतांनाच घेऊन आले. ते चपला काढून आत आले, पेन खिशातून काढले. व्यंकटराव म्हणाले, यांची सही नको, यांच्या पत्नी प्रेमलाताईंचीही नको, ज्याला मिळते त्याने साक्ष करणे बरे नाही. "मला काय मिळतंय?" असे दत्तोपंतांनी विचारले. त्यांनी विचारले वकिलांना, पण सांगावे मलाच लागले. पट्टी सांगितली. मग भिंत सांगितली.

त्यांनी पेन परत खिशात ठेवले. मग म्हणाले, "नऊ इंच. मला माहीत होतं, चंद्रप्पा. तेव्हाच शाळेच्या फूटपट्टीनं मोजलं होतं."

मी म्हणालो, "मग तक्रार का न्हाई केली? ऑफिस होतं की."

"निवृत्तीच्या महिन्यात मोजणीवाल्याच्याच दारी मोजणी आणायची? बरं दिसलं नसतं. वाटलं, तुम्ही आज ना उद्या म्हणाल."

मला रडू आले. व्यंकटराव म्हणाले, हे मृत्युपत्रात लिहायचे नसते. मी लिहितो आहे.

दत्तोपंतांनी पट्टी स्वीकारली आहे, आणि त्या लोकांनी आता त्यांच्याकडेच यावे असे सांगितले आहे. भिंत पाडायला मात्र त्यांनी नकार दिला, फक्त मधे एक दार काढा म्हणाले. त्यामुळे कलम ६ मधली भिंत पाडण्याची सूचना रद्द. मिस्त्री उद्या सकाळी येणार आहे, तेवढ्या एका कामासाठी माझ्या मरणाची वाट पाहायची नाही.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या मनासारखा आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

स्थळ : लातूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(सही) चंद्रप्पा मल्लिनाथ पटणे

साक्षीदार :
१. (सही) सिद्धेश्वर बसप्पा कोरे, औषध विक्रेते
२. (डाव्या हाताचा अंगठा) नागुबाई ग्यानोबा सूर्यवंशी, कोपऱ्यावर इस्त्री करतात. यांना या कागदातून काही मिळत नाही. सह्यांनंतरचा चहा दत्तोपंतांच्या घरी झाला, तो सगळ्यांनाच मिळाला.