‘बांबू’ कथेचा शेवट

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

परत आली! ‘बांबू’ सहाव्यांदा परत. लिलाधर सरांनी समासात लाल पेनाने एवढंच लिहिलंय — “इथे कुणाचीच चूक नाही. मग कथा कशाची?”

एम.ए.ला कथालेखनाचा पेपर घेतला तेव्हा वाटलं होतं, लिहायचं म्हणजे बसायचं आणि लिहायचं! आता नऊ कथा झाल्यात. नागपूरचे एक प्रकाशक संग्रह छापायला तयार आहेत. पण सर म्हणतात, ‘बांबू’ जमल्याशिवाय पुस्तक नाही. पुस्तकाचं नावच ते.

साकोलीपासून एस.टी.त उभीच होते. पाय गेलेत.

९ नोव्हेंबर, शनिवार

काही लिहिलं नाही. दिवसभर आईसोबत दुसऱ्याच्या बांधीत धान कापलं. बोटं वाकत नाहीत.

१७ नोव्हेंबर, रविवार

खरं काय घडलं ते एकदा इथे लिहूनच काढते.

मी दोन वर्षांची होते. बाबा आणि त्यांचे जिवलग गोपीचंदकाका पहाटे तलावावर जाळं काढायला गेले. वारा सुटला. बांबूने रेटायचा लहानसा डोंगा उलटला. बाबा पालथ्या डोंग्याला धरून राहिले. काकांचे पाय जाळ्यात अडकले, ते वर आलेच नाहीत. अख्खं एकोडी गाव हेच सांगतं. बाबा तेवढंही सांगत नाहीत. कुणी विषय काढला की उठून अंगणात जातात.

यात चूक कुणाची? वाऱ्याची. आणि सरांना वाऱ्याची चूक चालत नाही!

२ डिसेंबर, सोमवार

सापडला शेवट. म्हणजे बनवला मी.

बुडणारा माणूस एकदा वर येतो. अगदी जवळ, चार हातांवर. हाक मारतो. डोंग्याला धरलेल्या मित्राच्या हातात बांबू आहे. तो पुढे करत नाही. आपल्यालाही ओढून नेईल, असं वाटतं त्याला. बस.

नावं बदलली, गाव बदललं. आनंद व्हायला हवा होता. नुसती झोप आली.

३ डिसेंबर

सर म्हणाले, “आता झाली कथा!” मी म्हटलं, हो सर.

१५ डिसेंबर, रविवार

प्रुफं आली. कुणीतरी सगळ्या ‘मले’चं ‘मला’ करून ठेवलंय! डोंग्यातली माणसं बातम्या वाचल्यासारखी बोलताहेत. एकेक शब्द खोडून परत लिहितेय. एकशे बारा पानं. सत्तावीस झाली. मान धरली.

आई म्हणाली, “एवढं खोडाचं होतं त लिवलं काहून?”

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज बाजारात निर्मलाकाकू भेटली — गोपीचंदकाकांची बायको. आईच्या बाजूलाच मासे घेऊन बसते. मला हाक मारून जवळ बसवलं.

“रीना, माह्या माणसावर लिवलंस म्हनतेत?”

“थोडंसं, काकू. बाकी मनानंच.”

“लिव न, लिव. आता त्याचं नावच कोनी काढत नाई. माह्या पोराईलेबी त्याचं तोंड आठवत नाई.”

हसली. माझ्या केसांवरून हात फिरवला, माशाच्या वासाचा. मला तिथून पळावंसं वाटलं. तिच्या माणसाचं मरण मी घेतलं, वर त्यात एक पाप घातलं. कशासाठी? सरांनी बरं म्हणावं म्हणून!

घरी येताच प्रकाशकांना फोन. ‘बांबू’ काढता येईल का? ते म्हणाले, “ताई, छपाई सुरू झाली. मुखपृष्ठावर नाव आहे!”

१८ जानेवारी, शनिवार

पुस्तकं आली. गठ्ठा सोडला. माझं नाव छापलेलं. काहीच वाटलं नाही. आईनेच वरच्या पुस्तकाला हळदकुंकू लावलं.

बाबांनी एक उचललं. सातवी शिकलेत, पेपरसुद्धा हळूहळू वाचतात. मी घाईघाईत म्हटलं, “बाबा, सगळं मनानं लिहिलंय हं.”

“कथाच आहे न, बाई. मनानंच लिवतेत.”

२४ जानेवारी, शुक्रवार

जेवण झालं की बाबा पडवीत बसतात, ओळीखाली बोट ठेवून वाचतात. पहिल्या कथेला चक्क हसले. दुसरीतल्या म्हाताऱ्याला ओळखलं त्यांनी — “हा त आपला परसराम!” आज पाचवी संपली. ‘बांबू’ नववी आहे.

पुस्तक लपवून ठेवावं का? काय पोरकटपणा!

त्यात दोन तारखेला गावच्या शाळेत प्रकाशन. पहिली प्रत निर्मलाकाकूच्या हातात द्यायची, ही सरांची कल्पना. सगळ्यांना आवडली. मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

३० जानेवारी, गुरुवार

आठवी झाली. उद्या.

३१ जानेवारी, शुक्रवार

बाबांनी पुस्तक मिटलं. मीच सुरू झाले — शेवट खोटा आहे बाबा, सरांना हवा होता, तुमच्यावर नाही तो…

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बांबूचं तुले कोनं सांगतलं?”

त्यांनी चपला घातल्या. निर्मलाकाकूकडे जातो म्हणाले. मी पुस्तक पुढे केलं.

“ते कायले? तेथं मीच होतो न.”