तक्त्यातला वाघ

वोल्फ्सबुर्ग, २ सप्टेंबर २०१४

चि. सौ. मालिनीस,
भास्करदादाचे अनेक आशीर्वाद.

मी खुशाल. जेवतो, झोपतो, खिडकी ते किचन फेऱ्या मारतो. परतीचं तिकीट सतरा ऑक्टोबरचं. ते आणि पासपोर्ट चिरंजीव हृषिकेशच्या कपाटात, कुलपात आहेत. हरवू नयेत म्हणून, म्हणाला.

करमणूक एकच. इथल्या जुन्या बाजारात हॉलंडच्या शाळांतले प्राण्यांचे तक्ते मिळाले. शंभर वर्षांपूर्वीची दगडावरची छपाई, पण रंगावर रंग कसा चपखल बसलाय. नातीला रोज दाखवतो. मी मराठीत विचारतो, तनया जर्मनमध्ये उत्तर देते आणि मी चुकलो की कान पकडायला लावते. मग दुकान-दुकान खेळतो. ती मला गाय, बगळा विकते, पावतीवर सही घेते. वाघ मात्र विकत नाही. तो दमलाय म्हणते.

मिरजेला आल्यावर आधी माझी छपाईची प्रेस सुरू करणार. उघडून झाडून ठेव. तुझ्या लोभावर भरवसा, म्हणून किल्ली तुझ्याकडे.

दादा

मिरज, १४ सप्टेंबर

ती. दादास,
मालूचा सा. न. वि. वि.

प्रेस उघडायला गेले, तर दारात दोघं टेप लावून मापं घेत होते. हृषिकेशनं पाठवलं म्हणे. जागा घेणार, मशीन भंगारात. तुला ठाऊक असेल समजून मी चहाही पाजला. घरी येऊन रडले. पोर वाईट नाही रे. वहिनी गेल्यावर तू इथे एकटा, याचीच त्याला धास्ती. पण तू सही केलीस का, एवढं कळव.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

मालू

वोल्फ्सबुर्ग, २७ सप्टेंबर

चि. सौ. मालिनीस, आशीर्वाद.

सही केली नाही. मुलगा-सून जेवताना माझ्यादेखत जर्मनमध्ये बोलतात. म्हाताऱ्याला काय कळतंय. पण विकणं आणि सही, हे दोन शब्द तनयानं दुकान-दुकान खेळताना घोटून घेतलेत. त्यावरून बाकीचं जुळवलं. गुरुवारी वकिलातीत मुखत्यारपत्रावर माझी सही झाली की तिकीट रद्द, असा बेत.

वाघाचंही कळलं. चित्रकारानं गज गाळलेत, पण पायाखालचं गवत येरझाऱ्यांनी एका सरळ रेघेत झिजलंय. पिंजऱ्यासमोर बसून काढलाय तो.

काल मी जेवताना जर्मनमध्ये सांगितलं, प्रेस विकायची नाही. दोघांचे घास हातातच राहिले. तनयानं विचारलं, प्रेस कुठला प्राणी. हृषिकेश उठून गेला. कपाट अजून बंदच आहे.

तू प्रेसचं कुलूप बदल, मशीनला तेल घाल. कपाटाच्या किल्लीला जर्मनमध्ये काय म्हणतात, ते आज तनयाला विचारतो.

तुझा, सध्या इथलाच,
दादा