माझं घर ह्यांच्या नावे का नाही

मी, वय वर्षं चौऱ्याहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. ह्यांच्यासोबत बेचाळीस वर्षं काढूनही ते ठिकाणावर कसं, याचं त्यांनाही नवल वाटलं.

एक. शुभवर्तमान आणि पुस्तकं घेऊन बंदरोबंदरी फिरणाऱ्या जहाजावर आमचे हे प्रचारक होते आणि मी एकोणीस वर्षं तिथलं धुलाईघर सांभाळलं. वर डेकवर भजनं चालायची, खाली मी तीनशे माणसांच्या चादरी पिळायची. त्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती ह्यांच्याबद्दल. दर बंदरात हे माझी एकेक वस्तू वाटून टाकत. लोकरी कोट गेला, किटली गेली. शिवणयंत्र एका विधवेला देऊन आले आणि वर मलाच विचारलं, "अगं, तुला आनंद नाही झाला?" तिला गरज होती, मान्य. पण मला विचारायचं तरी!

दोन. वरील कारणास्तव राहतं घर मी ह्यांच्या नावे करत नाही. केलं तर आठवड्याच्या आत ते कोणाला तरी देऊन हे बाहेरच्या पायरीवर बसतील, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गुडघे कामातून गेलेले असताना. या विचाराने माझा डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून घर माझ्या धाकट्या नणंदेला देते. अट एकच, हे असेपर्यंत इथेच राहतील आणि एकही खोली कोणाला देऊन टाकणार नाहीत.

वाचणाऱ्यांना धक्का बसेल. वन्सं जहाजाचं स्वयंपाकघर बघायच्या आणि आमचं कधीच पटलं नाही. एप्रनवरचा एक डाग राहिला तर साऱ्या जहाजाला ऐकवायच्या. पण खरं ते लिहायला हवं. जहाजाच्या शिडीजवळ सगळ्यांच्या नावाचे बिल्ले लावलेली एक फळी होती. उतरताना आपला बिल्ला उलटा करायचा, परतल्यावर सुलटा. एकदा मी साबण आणायला शहरात गेले होते. हे आधी परतले आणि नवरा-बायको एकच, या विचाराने दोघांचेही बिल्ले सुलटे करून मोकळे झाले. जहाज सुटलं. मी धक्क्यावर, दोन गोणी साबणासह. जेवणाला माझी जागा रिकामी, तर हे म्हणाले, "खोलीत प्रार्थना करत असेल." वन्सं हातातल्या डावासकट कप्तानाकडे गेल्या. "वहिनी जेवण चुकवणाऱ्यातली नाही. जहाज वळवा!" वळवलं. ह्यांना ठणकावून 'नाही' म्हणू शकणारी तेवढी एकच बाई मला ठाऊक आहे.

तीन. बँकेत आहे ते दफनासाठी. तिथे प्रवचन ह्यांनी करू नये. फार लांबवतात, आणि लोकांना घरी जायचं असतं.

चार. घराबद्दल काल वन्संना सांगितलं. वाटलं, वाद घालतील. त्या म्हणाल्या, "घर घेते. दादालाही सांभाळते. पण वहिनी, तू गेल्यावर दादावर वैतागायचं कोणाबरोबर?"

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी एकत्र रडलो. ह्यांनी दारातून काय झालं विचारलं, तर दोघी एकदमच खेकसलो.

लिहिलेलं वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून सही करते.

सही: जहाजावरच्या सगळ्यांची साबणकाकू

साक्षीदार: समोरच्या डॉक्टरीणबाई; जहाजाचे निवृत्त इंजिनिअर

स्थळ: राहतं घर, जेवणाचं टेबल
दिनांक: १४ मार्च, गुरुवार