बाळाला जड घोंगडी घालू नये याबद्दल

मी, मन्मथप्पा गुरुलिंगप्पा, वय ७१, गरम कपड्यांचा दुकानदार, राहणार माजलगाव, जि. बीड, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाखाली नसताना, पण घाबरलेला असताना हे लिहून ठेवतो. सोमवारी संभाजीनगरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे.

१. राहते घर पत्नी दानम्मा हिचे.

२. दुकान मुलगा बसवेश्वर याला. अट एकच. गिऱ्हाइकाला "जड हाय म्हंजी गरम हाय" असे सांगणे बंद करावे. लोकरीचा तंतू किती बारीक हे वेगळे आणि कापड किती जड हे वेगळे. बारीक तंतूची हलकी शालही ऊब धरते. जाड तंतू टोचतो. आपले तळहात राठ झालेत, म्हणून कापड मानेला लावून पाहावे.

३. भाचा शिवशंकर याने माझा चांगला कोट लग्नाला नेऊन त्यावर रस्सा सांडला. तो कोट त्यालाच द्यावा. दुसरे काही देऊ नये.

४. १९७९च्या पौषात आमची पहिली मुलगी अठरा दिवसांची होती. दुकानातली सर्वांत जड घोंगडी मी तिला दुहेरी गुंडाळली. दानम्मा म्हणाली, "अवो, पोर लालबुंद झाली. काढा की ते." मी म्हणालो, "तुला काय कळतंय?" आणि वर आणखी एक घातली. संध्याकाळी पोर गेली. डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितले, उष्म्याने गेली. मी दानम्माला सांगितले, थंडी बाधली.

ती आजही तेच धरून बसली आहे. आता मुलगी प्रणिता हिचे दिवस भरत आलेत आणि दानम्माने दोन जड घोंगड्या उन्हात घातल्या आहेत. "ह्या येळंला थंडी लागू देनार न्हाई," म्हणते. दोरीवर त्या दिसल्या की मी तिच्याजवळ जातो. सांगायला तोंड उघडतो आणि चहा मागतो.

त्या घोंगड्या दुकानाचे राखणदार धोंडीराम यांना द्याव्यात. मोठ्या माणसाला त्या चालतात. बाळाला सुती झबले आणि वर पांढरी, बारीक लोकरीची पातळ शाल. मान घामेजली की शाल काढावी.

५. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. बाळ तोवर थांबणार नाही, आणि ऑपरेशनमधून वाचलो तर मी पुन्हा गप्प बसेन. म्हणून सह्या होताच साक्षीदार सुग्रीव यांनी हा कागद आत नेऊन दानम्माच्या हातात द्यावा. मी बाहेर ओट्यावर बसलो आहे. तिने हाक मारली तर आत येईन. नाही मारली तर तो तिचा हक्क आहे.

सही : मन्मथप्पा गुरुलिंगप्पा
साक्षीदार : १. सुग्रीव धोंडीबा, शेजारी २. वनमाला विजयसिंह, निवृत्त शिक्षिका
माजलगाव, दि. १२ डिसेंबर २०२४